गाडीचं तोंड

शेवगे, ता. साक्री
५ जानेवारी २०२५

सुकलाल नाना,

बळीरामचा रामराम. फोनच केला असता, पण तुझे आणि माझे कान सुरतच्या यंत्रमागांवरच राहिले. मागच्या वेळी दोघं पाच मिनिटं नुसतं "काय? काय?" करत होतो. मोबाइलवर लिहून पाठवावं तर आपल्याआधी शेजारची पोरं वाचतात. म्हणून कागद घेतला.

मुद्द्याचं लिहितो. अक्षयचं वर्षश्राद्ध चार मार्चला येतंय, फाल्गुन शुद्ध पंचमी. त्याआधी त्याची मोटारसायकल घरी आली पाहिजे असं रुक्मिणीचं म्हणणं आहे. मला नाही म्हणाली ती. शेजारच्या शांताबाईला म्हणाली, पण माझ्या बहिऱ्या कानात पडेल एवढ्या मोठ्यानं. तिच्या अटी अशा. पोरानंतर त्या गाडीवर कोणी बसायचं नाही. मेलेलं ढोर ओढतात तशी दोरी लावून ओढायची नाही. आणि टेम्पोवाल्याला द्यायची नाही, कारण ते कापडाच्या गाठी फेकतात तशी फेकतील.

पोलीस ठाण्यातून गाडी तू सोडवून आणलीस, दहा महिने बमरोलीत तुझ्या दारात झाकून ठेवलीस. तुझी शाळेच्या पोरांची व्हॅन आहे. मागच्या सीटा काढल्या तर बसेल का? बघ.

दुसरं काम. सोबत अपघाताच्या पंचनाम्याची झेरॉक्स आहे. सगळं गुजराती. बावीस वर्षं सुरतेत काढली पण मी तुझ्यासारखा वाचायला शिकलो नाही. 'सुरत' आणि 'बारडोली' एवढे दोन शब्द लागले. साक्रीत वाचणारे आहेत, पण परक्याला दाखवायला जीव धजत नाही. त्यात काय लिहिलंय ते तू मला मराठीत लिहून कळव.

तुझा,
बळीराम

*

बमरोली, सुरत
१३ जानेवारी २०२५

बळी,

पत्र मिळालं. गाडी मी आणतो. वहिनीला सांग, नानानं शब्द दिलाय. तुला सांगायची सोय नसेल तर शांताबाईकडून सांगव.

आता ऐक, हे काम दिसतं तितकं सोपं नाही. व्हॅनची फळी जमिनीपासून गुडघ्याच्या वर येते. गाडी सव्वाशे किलो. पुढचं चाक चेपून आत बसलंय, फिरत नाही. मी बासष्टचा, उषाबाईच्या गुडघ्यांचे बारा वाजलेले. गल्लीतली पोरं बोलावली तर एका मिनिटात टाकतील उचलून, पण त्यांच्या हातात ती गाडी द्यायला माझंच मन होत नाही. एकजण हँडल धरणार, एकजण सीटवर हात टेकणार, आणि एखादा हसणार. ते मला बघवणार नाही.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं लागलो. पलंगाच्या दोन फळ्या काढल्या, त्यांना खालून अँगल ठोकला, उतार तयार केला. आम्ही सध्या जमिनीवर झोपतो, उषाबाईचं तोंड सुरू आहे. काल पहिली चाचणी घेतली. गाडी उलटी लावली, मागचं चाक आधी, कारण ते फिरतं. मी ढकलतोय, उषाबाई आतून कॅरिअर ओढतेय. अर्ध्या फळीवर गेली आणि तिथून जी परत आली ती माझ्या पोटावर. काही झालं नाही, कातडं सोललं. उषाबाई म्हणाली, मागावरचा जॉबर म्हणे, माग दुरुस्त करायचा म्हणे.

पंचनाम्याचं म्हणशील तर त्यात विशेष काही नाही. पोलिसांची ठरलेली भाषा. वेळ, जागा, ट्रकचा नंबर. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस.

तुझा,
सुकलाल

*

शेवगे
२२ जानेवारी २०२५

नाना,

गाडी उलटी चढवायची नाही. घरातून कायमचा जायचा तो पाय पुढं करून जातो, घरी येणारा तोंडानं येतो. हे मी नाही, रुक्मिणी म्हणते आणि या बाबतीत तिचं बरोबर आहे. गाडीचं तोंड पुढं पाहिजे, गावाकडं. पुढचं चाक फिरत नसेल तर त्याच्याखाली काही चाकांचं घाल. गॅस सिलिंडर ठेवायची चाकांची गाडी असते, ती चालेल.

आणि ढकलू नकोस. आपण सुताचा जड बीम कसा चढवायचो? ढकलून नाही. गुंडाळून. मागावर कापड गुंडाळणारं दातेरी चक्र असतं, त्याच्या दातांत अडकणारा तो लोखंडी तुकडा, ज्याला आपण कुत्रा म्हणायचो. तो कापड मागं सुटू देत नाही. तसं काही व्हॅनच्या आत बसव आणि दोरानं गाडी वर घे. तुला जॉबरला हे मी सांगायचं म्हणजे कमालच झाली.

आता पंचनाम्याचं. विशेष काही नाही म्हणतोस. माझ्यासाठी आहे. ऐक, तुला हे कधी सांगितलं नाही.

लग्नासाठी सांगून आलेल्या त्या मुलीकडच्यांना मी बघायला यायची तीनदा तारीख दिली होती आणि तीनही वेळा अक्षयनं सुट्टी नाही म्हणून मला तोंडघशी पाडलं. १२ मार्चला मी फोन केला. माझं ऐकू येण्याचं तुला माहीत आहे. मी नुसता बोलतो, पलीकडचं रुक्मिणी ऐकते आणि मला सांगते. मी म्हणालो, या वेळी आला नाहीस तर बाप मेला समज. फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, तो म्हणतोय, येतो. दोन दिवसांनी तो बारडोलीच्या रस्त्यावर गेला.

बारडोलीचा रस्ता म्हणजे आपला घरचा रस्ता, नाना. सुरतेतून साक्रीला दुसऱ्या कुठून येतात? कामाचा दिवस असताना तो घरी यायला निघाला, माझ्या एका शब्दापायी. रुक्मिणीनं तेरावं झाल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. ताट वाढते, सरकवते, निघून जाते. सगळ्या गावाला एकच सांगते, मना पोऱ्या घर येत व्हता.

पंचनाम्यात एवढंच बघ. पडला तेव्हा त्याच्या गाडीचं तोंड कोणीकडं होतं? एका ओळीत लिही.

बळीराम

*

बमरोली
३१ जानेवारी २०२५

बळी,

तुझं पत्र उषाबाईनं वाचलं, मग मी वाचलं, मग तिनं परत वाचलं. दोन दिवस घरात आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही.

तू सांगितलंस तसं केलं. भंगारात गेलेल्या मागाचं दातेरी चक्र कारखान्यातल्या आपल्या जुन्या खात्यातून मागून आणलं, पाइपावर बसवलं, पाइप व्हॅनच्या पुढच्या सीटमागं बांधला. सिलिंडरची गाडी पुढच्या चाकाखाली घेतली. तोंड पुढं. दोर गुंडाळायला लागलो. छान येत होती रे. पुढचं चाक व्हॅनच्या काठाला लागलं आणि चक्राचे चार दात कटाकट गेले. कापडाचं वजन वेगळं, लोखंडाचं वेगळं. गाडी खाली आली. आरसा फुटला, डावीकडचा. तो अपघातातून वाचला होता आणि माझ्या हातून फुटला. मी तिथंच फळीवर बसून रडलो. वहिनीला आरशाचं सांगू नकोस.

याला खरी हातविंच पाहिजे. हँडल फिरवलं की पोलादी तार गुंडाळते ती. उसाच्या ट्रॉलीवर असते. ती माझ्याकडे एक आहे, पण ती मला वापरायची नाही. दुसरं काही बघतो.

पंचनामा परत एकदा वाचून कळवतो.

सुकलाल

*

शेवगे
८ फेब्रुवारी २०२५

नाना,

तुझं डोकं फिरलंय का? महिना राहिला नाही आणि घरात विंच असून ती वापरायची नाही म्हणतोस. सोन्याची आहे का? गंज लागला असेल तर रॉकेल लाव. तुला जमत नसेल तर तसं कळव, मी येतो एसटीनं आणि गाडी पाठीवर घेऊन येतो.

पंचनामा परत वाचायला काय लागतं? तू वीस वर्षं खात्यातली गुजराती चोपडी वाचायचास. मला आता असं वाटतंय की तू वाचलंय आणि सांगत नाहीस. म्हणजे माझं खरं आहे. म्हणजे तोंड इकडंच होतं. लिहून टाक ना, मी काही मरत नाही त्यानं.

खरं म्हणजे तेही सांगता येत नाही. रुक्मिणीनं पडवीतलं जळण काढून गाडीसाठी जागा सारवून ठेवली. मी मदतीला गेलो तर तिनं माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि कोपऱ्यात उभा केला. त्या दिवसापासून मी दुपारचा चिंधाच्या विहिरीवर जाऊन बसतो. कठडा पडलेला आहे. चिंधा दोनदा येऊन म्हणाला, आप्पा, आठे नका बसू. मी म्हटलं, सावली आहे. सावली नाही तिथं, त्यालाही माहीत आहे.

बळीराम

*

बमरोली
१३ फेब्रुवारी २०२५

बळी,

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकतोय. मिळाल्यावर उभ्या उभ्या वाच, आणि विहिरीवर जायचं नाही. चिंधाला मी आमच्या शेजाऱ्याकडून वेगळा फोन करवलाय. रागावलास तरी चालेल.

तो घरी येत नव्हता. माझ्या कामाला गेला होता.

सगळं लिहितो. शाळेच्या फेऱ्यांत पोट भरत नाही म्हणून मागच्या वर्षी मी ठरवलं होतं, कामरेजपर्यंतच्या हायवेवर बंद पडलेल्या मोटारसायकली व्हॅनमध्ये घालून गॅरेजला पोचवायच्या. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला गाडी चढवता यावी असं यंत्र करत होतो. फळ्या तेव्हाच्याच. अक्षय सुट्टीच्या दिवशी यायचा, चहा प्यायचा आणि माझी चेष्टा करायचा. म्हणायचा, नाना, या यंत्रानं गाडी नाही, तुम्हीच वर जाल. पण हाताखाली बसून नट आवळून द्यायचा. मला कळलं की बारडोलीच्या एका भंगारवाल्याकडे उसाच्या ट्रॉलीची विंच आलीय. मी त्याला म्हटलं, जा रे बाबा, घेऊन ये, माझ्याच्यानं तिथवर होत नाही. त्यानं कामावरची पाळी बदलून घेतली माझ्यासाठी. तुझ्या फोनचं तो माझ्याकडे बोलला होता. म्हणाला, बापाचा आवाज खणखणीत आहे अजून, होळीला जातो आणि मुलगी बघून टाकतो. हसत होता. तुझ्या शब्दाचं त्याला काही लागलं नव्हतं, बळी. होळी दहा दिवसांवर होती.

दुपारी पावणेबाराला त्यानं माझ्या मोबाइलवर विंचेचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, मिळाली नाना, कुत्रा मजबूत आहे, मागं सोडत नाही. तो मेसेज माझ्याकडे आहे.

पंचनामा पहिल्याच दिवशी वाचला होता. त्यात लिहिलंय, मोटारसायकलस्वार बारडोलीकडून सुरतकडे येत असताना. तोंड सुरतकडं होतं. सोबतच्या सामानात एक सॅक, तीत एक लोखंडी चरखी. पोलिसांनी गाडीबरोबर ती माझ्याच हातात दिली. कापडात गुंडाळून ठेवलीय. तीच ती विंच, जी मला वापरायची नाही.

अकरा महिने मी गप्प बसलो. आधी वाटलं, तेरावं होऊ दे. मग वाटलं, आता सांगून काय. आणि खरं कारण हे की मी भ्यालो. तू स्वतःला खात होतास आणि मी तुला खाऊ दिलं, कारण तोवर माझ्यावर पाळी येत नव्हती. मागच्या पत्रापर्यंत हे विहिरीपर्यंत गेलंय हे मला माहीत नव्हतं. उषाबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होती, सांगा.

आता तू म्हणशील तसं. गाडी दुसऱ्या कोणाकडून मागवायची असेल तर मागव. मी तोंड दाखवणार नाही. वहिनीला हे वाचून दाखव. तुझ्यावरचा डाग जाऊ दे.

सुकलाल

*

शेवगे
१९ फेब्रुवारी २०२५

नाना,

पत्र पडवीत वाचलं, जिथं गाडी ठेवायची तिथं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. खोटं बोलत नाही. मी त्याला मारलं नाही, हे अकरा महिन्यांत पहिल्यांदा मनात आलं. उठलो, आत निघालो, रुक्मिणीला सांगायला.

ती चुलीजवळ शांताबाईशी बोलत होती. मी दारात उभा राहिलो. ऐकू आलं नाही, पण तिचे ओठ मला आता पाठ आहेत. तेच म्हणत होती. मना पोऱ्या घर येत व्हता.

मग माझ्या लक्षात आलं, नाना, तिच्याकडे तेवढंच आहे. पोर गेलं, पण घरी येता येता गेलं, आईकडं तोंड करून गेलं. यावर ती सकाळी उठते. हे पत्र वाचून दाखवलं तर तो भंगाराचं एक लोखंड आणायला गेला होता आणि तोंड सुरतेकडं होतं, एवढंच उरतं. मी सुटतो आणि ती बुडते.

पत्र मी चुलीत नाही घातलं, पत्र्याच्या पेटीत ठेवलंय, तिला वाचता येत नाही.

तुझा राग आलाय. खोटं का सांगू, आज तू समोर असतास तर हात उचलला असता. पण गाडी तूच आणायची आणि त्याच विंचेनं चढवायची. पोरानं निवडलेली शेवटची वस्तू आहे ती, कापडात काय गुंडाळतोस. आणि इथं आल्यावर तिनं काही विचारलं तर तो घरी येत होता. एवढा शब्द दे. बाकीचं माझं मी बघतो. विहिरीवर जात नाही आता, चिंधानं काट्या टाकल्यात.

बळीराम

*

बमरोली
९ मार्च २०२५

बळी,

चार दिवस झाले परत येऊन. श्राद्धाच्या गर्दीत आपलं बोलणं झालं नाही आणि झालं असतं तरी आपल्याला ऐकू काय येणार होतं. पण एक गोष्ट तुझ्यासमोर घडली आणि तुला ऐकू आली नाही. ती तुला माहीत पाहिजे म्हणून लिहितो.

आधी गाडीचं. दोन तारखेला सकाळी विंच कापडातून काढली. व्हॅनच्या तळाला चार बोल्टांनी आवळली. तार गाडीच्या चौकटीला लावली, हँडल फिरवलं. उषाबाई नुसती बाजूला उभी होती, तिला हात लावायची वेळ आली नाही. एक दात, एक आवाज, एक बोटभर गाडी वर. मी मध्येच हात सोडून बघितलं, गाडी आहे तिथं थांबली. पोरगं बरोबर म्हणालं होतं, मागं सोडत नाही. वीस मिनिटांत गाडी आत, तोंड पुढं. पन्नास चाचण्यांत माझं जे जमलं नाही ते पहिल्या फटक्यात जमलं. मला त्याचं समाधान वाटलं आणि वाटलं म्हणून माझीच किळस आली.

तुझ्या दारात व्हॅन लावली तेव्हा वहिनी आधी आल्या. फळ्या लावल्या, तार सैल सोडत गाडी उतरवली. विंच बघून त्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, गाडी चढवायचं सामान. त्यांनी ते पायानं बाजूला सारलं. तू ते लगेच उचलून आत नेलंस, तेवढं मी पाहिलं.

मग तू पडवीत गाडीवरची धूळ पुसत होतास, आमच्यापासून दोन हातांवर, पाठ करून. वहिनी माझ्या कानाशी आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, नाना, खरं सांगा, पडना तवय त्यानं तोंड कोनीकडे व्हतं?

तू वळला नाहीस. मी तुझ्या पाठीकडं बघत म्हटलं, घराकडं, वहिनी.

त्यांनी डोळे पुसले. मग तुझ्याकडं बोट केलं आणि म्हणाल्या, या मानूसनी बलावं म्हनीसन. त्याच्या हाकेनं. गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं होतं, बळी. शब्द दिला होता म्हणून मिटलं, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही.

जेवायला बसलो तेव्हा त्यांनी मला पाट दिला. तुझं ताट सरकवलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, तुम्ही मना पोऱ्याले घर आणं, आता भाऊबीजेला दरवर्षी यायचं, मी ओवाळणार. मी हो म्हणालो. पुरणाची पोळी वाढली, वर तूप घातलं, मी नको म्हणताना दुसरी वाढली. तुझ्या ताटात एकच होती आणि ती संपली होती. तू वर बघितलं नाहीस, त्यांनी विचारलं नाही.

मी दुसरी पोळी खाल्ली.

सुकलाल